वाचकांचे प्रश्न: वावधन येऊन गेल्यावर घरातली हवा

प्रश्न: नवतपात संध्याकाळी वावधन, म्हणजे धुळीचं वादळ सुटतं. नांगरून पडलेल्या वावरांची माती कवेलूंच्या फटींतून घरभर होते. घरात दमेकरी सासरे आणि आठ महिन्यांचं बाळ आहे. वारा थांबला की आम्ही कुलर लावतो आणि झाडून घेतो. बरोबर आहे का?
– एक गृहिणी, जि. यवतमाळ

उत्तर: दोन्ही कामं योग्य आहेत, पण घाईची आहेत. कुलर बाहेरची हवा ओढतो. वादळात त्याच्या ताट्यांवर (बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर) माती बसलेली असते, आणि ताट्या कोरड्या असल्या तर पंखा फिरताच ती थेट खोलीत येते.

झाडण्याचंही तसंच. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण डोक्याच्या उंचीवरून तीन-चार मिनिटांत खाली बसतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला तासभर लागतो, एक मायक्रॉनच्याला पाच-सहा तास. फुफ्फुसात खोल जातात ते हेच बारीक कण. कोरडा फडा फिरवला की बसलेली धूळ पुन्हा उठते.

म्हणून बाहेरचं धुळकट वातावरण निवळेपर्यंत दारं-खिडक्या बंदच ठेवा, दाराखालच्या फटीत ओलं पोतं लावा. निवळलं की समोरासमोरची दारं अर्धा तास उघडा. सासरे आणि बाळ तेवढा वेळ सगळ्यांत कमी धूळ असलेल्या खोलीत राहू द्या. साफसफाई उरकेपर्यंत त्यांना बाहेर आणू नका. छताचा पंखा पाती ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय लावू नका. मग वरून खाली या: आलमारीचा माथा, फळ्या, खिडक्या, शेवटी जमीन. फरशी असेल तर ओला पोछा, पाणी गढूळ झालं की बदला. सारवलेली जमीन असेल तर हलका सडा टाकून मगच झाडा. पाणी जास्त झालं तर काळ्या मातीचा चिखलच होतो. झाडणाऱ्यानं एन-95 मास्क लावावा. ओला दुपट्टा जाड धूळच अडवतो. बाळाला मास्क मात्र कधीच नको, दोन वर्षांखालच्या मुलाचा त्यात श्वास कोंडू शकतो.

आता कुलर. आधी प्लग काढा. ताट्या अंगणात नेऊन आतल्या बाजूनं पाण्याचा मारा करा, म्हणजे बाहेरून अडकलेली माती बाहेरच निघते. टाकीतलं गढूळ पाणी फेका, पंपाची जाळी धुवा. वरच्या नळीची भोकं काडीनं मोकळी करा. ही भोकं गाळानं बुजली की ताटीवर कोरडे पट्टे पडतात आणि धूळ तिथूनच शिरते. सगळं बसवल्यावर दहा मिनिटं नुसता पंप चालवा, ताट्या पूर्ण भिजल्या की पंखा लावा.

कवेलूंच्या घरात वाशांवरची धूळ पुढचे दोन-तीन दिवस गळत राहते. पाळण्यावर थोड्या उंचीवर जुनं लुगडं ताणून बांधा आणि रोज धुवा. त्या रात्री मच्छर अगरबत्ती आणि पऱ्हाटीची चूल बंद घरात नको. धुराचे कण धुळीपेक्षाही बारीक असतात. सासऱ्यांचा दम्याचा पंप (इनहेलर) उशाशी ठेवा. बोलताना वाक्य तुटू लागलं किंवा ओठ निळसर दिसले तर थेट 108 ला फोन करा.

प्रश्न: एअर प्युरिफायर घ्यावा का?
– एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर: कवेलूंचं किंवा फटींचं टिनाचं छप्पर असेल तर पैसे वाया जातील. स्लॅबची, दार नीट बंद होणारी दहा बाय बारा फुटांची खोली असेल तर ताशी किमान 170 घनमीटर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं त्याचं माप) पाहा. एवढ्यानं दहा फूट उंचीच्या खोलीतली हवा तासाला पाचदा गाळली जाते. कुलर चालू असताना प्युरिफायर निरुपयोगीच.

प्रश्न: वादळात गोठ्याचा सिमेंटचा पत्रा फुटून पडवीत पडला. तुकडे झाडून उकिरड्यावर टाकू का?
– एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर: नको. असल्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि फुटलेल्या कडेवरून ते हवेत सुटतात. दमा नसलेल्यालाही त्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, तोही कित्येक वर्षांनी. तुकडे पाण्यानं चिंब भिजवा, हातोडीनं बारीक करू नका, मास्क लावून उचला. जाड प्लास्टिकच्या दुहेरी पोत्यात बांधून ठेवा आणि ग्रामपंचायतीला कळवा. जागा ओल्या फडक्यानं पुसून फडकंही त्याच पोत्यात टाका. उकिरड्यावर टाकलेला तुकडा शेणखताबरोबर वावरात जातो आणि वखराखाली पुन्हा फुटतो.