हायवेला लागून अर्धा एकर आहे. शॉपिंग कॉम्प्लेक्स किती भागावर बांधू देतील? अमेरिकेत शहराबाहेर पाव भागावरच परवानगी मिळते म्हणे. मग बाकीची जागा वायाच जाते ना?

तुमच्या या प्रश्नात 'वाया' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात याच शब्दावरून चार वर्षं झाली, भांडण मिटलेलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाबाहेर आमची वडिलोपार्जित 20 आर जागा, म्हणजे तुमच्याइतकीच. माझं कृषी केंद्र तिथंच आहे. मोठ्या भावाला या धुऱ्यापासून (बांधापासून) त्या धुऱ्यापर्यंत गाळे काढायचे होते. मी म्हणत होतो, खताची ट्रॉली वळायला जागा लागते. भाऊ म्हणे, "मोकळ्या जागेत का पऱ्हाटी पेरतं का बे?" (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) शेवटी नकाशा मंजूर करताना मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, आणि पार्किंग सोडावंच लागलं आणि बांधकाम 40 टक्क्यांवर आलं. राग म्हणून असो की हौस म्हणून, भावानं उरलेल्या सगळ्या जागेवर काँक्रीट ओतलं. कागदावर सगळं नियमात.

20 आरावर एक इंच पाऊस पडला की 50 हजार लिटर पाणी होतं. आधी त्यातलं काही मुरायचं, बाकीचं सावकाश उतरायचं. त्या जुलैत ते सगळं एकदम धुरा फोडून शेजारच्या काकाजींच्या वावरात गेलं. आठ दिवसांनी काकाजी दुकानात आले आणि काउंटरवर उपटलेल्या पऱ्हाटीची जुडी ठेवली. पानं पिवळी, मुळं काळी. बोटानं दाबलं की साल सुटून येत होती. "बापू, बी तुमच्याच दुकानातलं होतं," एवढंच बोलले. मला मान वर करता आली नाही.

अमेरिकेचं तुम्ही ऐकलं ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे, पण त्यामागं गाड्यांचा हिशोब आहे. हजार चौरस फूट दुकानामागे चार-पाच गाड्यांची जागा धरतात. येण्याजाण्याची वाट धरून एका गाडीला 300-350 चौरस फूट लागतात. म्हणजे दुकानापेक्षा पार्किंगच मोठं. पण या टक्क्यात फक्त इमारत मोजतात, डांबर मोजत नाहीत. म्हणून तिकडे पुष्कळ गावांनी पाणी न मुरणाऱ्या एकूण जागेवर वेगळी मर्यादा घातली, पाणी अडवायला तळी खोदायला लावली. फक्त इमारत मोजायची, काँक्रीट नाही, आमच्या भावानं नेमकी हीच चूक केली, आणि ती चूकच होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो.

आपल्याकडे टक्का विचारत बसू नका. रस्त्यापासूनचं अंतर, चारी बाजूंचं मार्जिन आणि पार्किंग वजा करून जे उरतं तेवढ्यावरच बांधता येतं, तेही एफएसआयच्या (जागेच्या प्रमाणात एकूण किती बांधकाम चालतं त्या आकड्याच्या) आत. नियमात एका कारला अडीच बाय पाच मीटर धरतात, पण ट्रॅक्टर-ट्रॉली त्यात मावत नाही. ती जागा तुम्ही आपणहून सोडा. समोर मुरूम-गिट्टी टाका. मागं खड्डा खोदून तिथून नाल्यापर्यंत नाली काढा. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात समोरचं आणि मागचं काँक्रीट फोडून हेच केलं, खर्च दुप्पट झाला. आता बाजाराच्या दिवशी बैलबंड्या, ट्रॉल्या आत उभ्या राहतात, आणि माझं गिऱ्हाईक तिथूनच येतं. ही जागा वाया गेली असं मला कोणी सांगू नये.

एक राहिलं. मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यात डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, पण गावठाण, नगर पंचायत आणि बाहेरचं वावर यांचे आकडे वेगवेगळे आहेत. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन जा, मगच इंजिनीअरला पैसे द्या.

भावाला आता समोरच्या मुरमावर टिनाचं शेड टाकायचं आहे. अर्ज भरून तयार आहे. माझी सही त्यावर नाही.