केळीची पट्टी, कापसाचा हिशोब आणि आयकर

वाचकांचे प्रश्न

(या वेळी खान्देशातून आलेले शेतीच्या हिशोबाचे आणि कराचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरांतले खर्चाचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या शिवारात मजुरी, भाडं वेगळं असेल तर त्या जागी तुमचे आकडे घाला.)

प्रश्न : तीन एकरांत पाच हजार खोडं केळी होती. या वर्षी नऊ लाखांच्या पट्ट्या (व्यापाऱ्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या) झाल्या, पैसे बँकेत आले. गावातले लोक म्हणतात, आता आयकराची नोटीस येईल. रिटर्न भरावं का? भरलं तर पीएम किसानचे हप्ते बंद होतील का? (ता. रावेर)

केळी पिकवून, तिची काढणी करून विकली, तर ते शेतीचं उत्पन्न. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(1) प्रमाणे त्यावर कर नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या 2025 च्या नव्या कायद्यातही ही सूट कायम आहे. तुम्हाला दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरण्याचं बंधन नाही.

नऊ लाख हे मात्र तुमचं उत्पन्न नव्हे, ती विक्री झाली. पाच हजारांतली साडेचार हजार खोडं कापणीला आली, घड सरासरी वीस किलोचा पडला आणि भाव हजार रुपये क्विंटल मिळाला, की नऊ लाख होतात. आता रोपं, बेसल डोस, ठिबकमधून सोडलेली खतं, बाग बांधणं, पील (बुंध्याला फुटलेली पिल्लं) कापणं, करप्याच्या फवारण्या, वीज आणि सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा) हिस्सा धरून खोडामागे 110 रुपये खर्च लावा. कापणी पाचशे खोडांची कमी झाली तरी खर्च पाच हजार खोडांचा धरायचा, म्हणजे साडेपाच लाख. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. राहिले साडेतीन लाख, तेही मृगबागेच्या (पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या बागेच्या) लागवडीपासून शेवटच्या कापणीपर्यंत वर्ष उलटून गेल्यावर. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कुणालाच कर नाही. म्हणजे शेतीची सूट उद्या काढून टाकली तरी या बागेवर कर शून्यच.

पट्टी हातात आली की तीन आकडे तपासा : घडाच्या दांड्यापोटी किती वजन कापलं, कमिशन कोणाच्या नावावर टाकलं आणि भाव कोणत्या दिवसाचा लावला. नोटीस आलीच तर उपयोगी पडतात त्या याच पट्ट्या, शिवाय केळीची नोंद असलेला सातबारा, ठिबक-खतांची बिलं आणि बँकेचं पासबुक. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून करायची पिकाची नोंद) राहिली तर सातबाऱ्यावर शेत पडीक दिसतं आणि नऊ लाख आले कुठून, हा प्रश्न उभा राहतो. फळपीक विम्यालाही तीच नोंद आडवी येते. जमीन वडिलांच्या नावावर आणि पट्टी मुलाच्या नावावर, हाही नेहमीचा घोळ. सातबारा ज्याचा, पट्टी त्याच्याच नावाने करून घ्या.

पीएम किसानमधून वगळलं जातं ते मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर *भरलेल्यांना*. शून्य कराचं रिटर्न दाखल केल्याने हप्ता जात नाही. बँकेच्या कर्जासाठी असं रिटर्न कामाला येत असेल तर खुशाल भरा. फक्त शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर ‘सहज’ म्हणजे आयटीआर-1 हा फॉर्म चालत नाही. आयटीआर-2 घ्यावा लागतो. निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं तर त्यात जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की कोरडवाहू, हे सगळं लिहावं लागतं.

शेजाऱ्याची उभी बाग विकत घेऊन कापलीत, तर तो व्यापार. केळीचे वेफर तळून विकले तर तो उद्योग. ट्रॅक्टर भाड्याने फिरवला तर धंदा, आणि दूधही आयकराच्या लेखी शेतीत बसत नाही. रोपवाटिकेत स्वतः वाढवलेली रोपं विकली तर ते मात्र शेतीचं उत्पन्न आहे.

प्रश्न : चार एकर कोरडवाहू कापूस. वीस क्विंटल निघाला, खेडा खरेदीत (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) सात हजारांनी दिला. एक लाख चाळीस हजार आले आणि कुठे गेले ते कळलं नाही. हिशोब नेमका मांडायचा कसा? (ता. पारोळा)

एकरावर मांडा, म्हणजे गळती कुठे आहे ते दिसेल. नांगरट, वखरणी, सरी यांचं ट्रॅक्टर भाडं 3,000. बीजी-2 बियाण्याची दोन पाकिटं 901 रुपयांनी, म्हणजे 1,802. लागवड 1,000. डीएपी, युरिया, पोटॅश मिळून 4,000. दोन निंदण्या आणि कोळपण्या 4,500. पाच फवारण्या, औषध आणि मजुरी धरून, 4,500. वेचणी किलोला दहा रुपयांनी पाच क्विंटलची 5,000. वाहतूक आणि हमाली 1,000. बेरीज 24,802. विक्री 35,000. एकरी 10,198 उरले, चार एकरांचे 40,792.

आता खरा भाग. घरच्या दोन माणसांनी एकरी तीस मजूर-दिवस काम केलं असेल आणि रोज 300 रुपये धरला, तर 9,000 त्यात गेले. उरले 1,198. तेच शेत ठोक्याने म्हणजे खंडाने दिलं असतं तर एकरी दहा हजार आले असते. ते धरले की एकरी 8,802 रुपयांचा तोटा, आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याज अजून बाकीच आहे. कृषिमूल्य आयोग खर्चाच्या याच तीन पायऱ्यांना ए-2 (पदरचा खर्च), ए-2 अधिक एफएल (त्यात घरची मजुरी) आणि सी-2 (त्यात जमिनीचा खंड आणि व्याजही) म्हणतो. सरकार दीडपट हमीभाव म्हणतं ते मधल्या पायरीच्या दीडपट. शेतकरी संघटना भांडतात ते तिसऱ्या पायरीसाठी. सभांमधून दोन्ही बाजू आपापला आकडा फेकतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खोटं बोलतंय. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे, इतकंच.

2025-26 मध्ये मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये होता. तुमचा माल लांब धाग्याचा असेल तर क्विंटलला 1,110, म्हणजे चार एकरांत 22,200 रुपये खेडा खरेदीत गेले. तुमच्या वर्षभराच्या शिलकेच्या निम्म्याहून जास्त! सीसीआयकडे (हमीभावाने घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाकडे) देताना अडचण येते ती ओलाव्याची. भाव आठ टक्के ओलाव्याला आहे, बारापर्यंत कपात होते आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत. दवातली सकाळची वेचणी थेट गाठोड्यात बांधली की बारा ओलांडलेच समजा. उन्हं आल्यावर वेचा, सावलीत पसरून वाळवा, पहिल्या वेचणीचा माल आणि शेवटची कवडी (हलका, किडका कापूस) एकत्र करू नका. ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हंगामाआधीच करा. त्यासाठी सातबाऱ्यावर कापूस हवा आणि खातं आधारला जोडलेलं हवं.

वही कशी ठेवायची? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार बदलतो, तो दिवस वहीसाठी सोयीचा वाटतो, पण आयकर आणि बँक दोन्ही 1 एप्रिल ते 31 मार्च धरतात. तीच तारीख घ्या. दर पिकाला वेगळं पान, आणि घरखर्चाचे पैसे त्या पानावर अजिबात नाहीत. दुकानदाराकडून उधारीवर घेतलेलं खत ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी लिहा, त्याने भावात लावलेलं व्याज वेगळं लिहा. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. दुकानदाराच्या उधारीला अशी सवलत नसते. लहान शेतकऱ्याच्या हिशोबात सहज वाचवता येण्याजोगा खर्च शोधायचा तर तो बहुतेक वेळा याच पानावर सापडतो.

प्रश्न : मी शिक्षक आहे. पगारातून प्रमाणित वजावट जाऊन 14 लाख उरतात, शेतीचे निव्वळ चार लाख. शेतीला कर नाही, मग सीएने जास्त कर का काढला? (चोपडा)

सीएने बरोबर काढला आहे. 1973 पासून शेतीचं उत्पन्न करपात्र न धरता, फक्त दर ठरवण्यासाठी मिळवलं जातं. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर आणि इतर उत्पन्न मूळ सवलतीच्या वर असेल, तर हा नियम लागतो. 2025-26 चे नव्या प्रणालीचे दर घ्या. 14 आणि 4 मिळून 18 लाखांवर कर 1,60,000. शेतीचे 4 आणि मूळ सवलतीचे 4 मिळून 8 लाखांवर कर 20,000. वजा करून 1,40,000, चार टक्के उपकर धरून 1,45,600. शेती नसती तर 93,600 झाला असता. फरक 52,000.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ म्हणून निर्धास्त असलेल्यांनी आणखी एक आकडेमोड बघावी. पगाराचे 11 लाख आणि शेतीचे 5 लाख असतील तर याच पद्धतीने कर 90,000 येतो. बारा लाखांच्या आतल्यांना करात मिळणारी सूट जास्तीत जास्त 60,000. म्हणजे उपकरासह 31,200 भरावे लागतात. शेतीचा तोटा असेल तर तो पगारातून वजा होत नाही. पुढच्या आठ वर्षांतल्या शेती उत्पन्नातूनच वळता होतो, म्हणून तोट्याच्या वर्षीही आकडा दाखवा.

प्रश्न : शहरातले लोक म्हणतात, शेतकरी कर भरत नाहीत. बड्या बागायतदारांना तरी कर लावावा का? (शहादा)

पहिलं वाक्य चूक आहे. वरच्याच कापसाच्या हिशोबात एकरी 4,000 च्या खतात पाच टक्के जीएसटी आहे, आणि फवारणीतलं औषध 3,000 चं धरलं तर त्यात अठरा टक्के. मिळून एकरी 648, चार एकरांचे 2,592 रुपये. डिझेलवरचे कर वेगळे. दुकानदार भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेतो. शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीच नाही, त्यामुळे वळता करायचा मार्गही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टर, ठिबक आणि जैविक कीडनाशकं पाच टक्क्यांवर आली. रासायनिक औषधं अठरावरच राहिली, आणि कोरडवाहू कापूसवाल्याच्या बिलात तीच जास्त असतात. शेतसारा आणि त्यावरचे उपकर आहेतच, पण ते किरकोळ.

बड्यांच्या बाबतीत आमचं मत आहे, लावायला हरकत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018-19 च्या फेरीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात पिकातून आले 3,798 आणि मजुरीतून 4,063. या कुटुंबांना आयकराच्या सवलतीचा एक पैसाही उपयोग नाही, कारण ती कराच्या रेषेपासून कोसभर लांब आहेत. सवलत कामाला येते ती मोठ्या उत्पन्नाला, आणि दुसरीकडचा पैसा ‘शेतीचा’ म्हणून दाखवणाऱ्यांना. लहान शेतकऱ्याचं नाव पुढे करून ही सवलत राखली जाते, हे आम्हाला पटत नाही.

पण कर कसा लावायचा यावर सगळं अवलंबून आहे. 1972 मध्ये के. एन. राज समितीने जमीनधारणेवर आधारलेला कर सुचवला होता. खान्देशात एकरावर कर लावला तर काय होईल? तापीकाठच्या केळीचा एकर आणि साक्रीच्या माळावरचा बाजरीचा एकर एकाच मापाने मोजता येत नाही. केळीचाही भरवसा नाही : मेच्या उन्हात घड करपतात, जूनच्या वादळात बाग आडवी होते, सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात. म्हणून कर निव्वळ उत्पन्नावर, पगारदाराच्याच मर्यादेने, आणि तोटा पुढे ओढण्याच्या सोयीसह असावा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे दिल्लीने मनात आणलं तरी थेट लावता येत नाही. राज्यं लावतील? आम्हाला शंका आहे.

प्रश्न : भुसावळला लागून शेत आहे, विकायचं आहे. कर लागेल का? (ता. भुसावळ)

पालिकेची लोकसंख्या एक ते दहा लाखांत असेल तर हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन कराच्या कक्षेत येते. भुसावळ त्यात बसतं. त्यापलीकडची ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. अंतर रस्त्याने मोजू नका. आतली असेल आणि आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडिलांनी ती कसली असेल, तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन सूट मिळते (1961 च्या कायद्यात कलम 54-बी). रिटर्नच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवायची, साध्या बचत खात्यात नाही.

प्रश्न : व्यापारी केळीचे साडेतीन लाख रोख देतो म्हणतो. घ्यावेत का? (ता. यावल)

घेऊ नका. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच सौद्यापोटी, दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि शेतकरी त्यातून सुटलेला नाही. एका पट्टीचे पैसे तीन दिवसांत तोडून घेतले तरी सौदा एकच धरला जातो. खात्यावर मागा. चेक दिला तर पट्टीवर त्याचा नंबर लिहून घ्या आणि लगेच भरा. तो परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस असतात, आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार कोर्टात दाखल व्हायला हवी.