बँडपुढे उभं राहण्याआधी

बाबू, ब्रास बँडचा (पितळी वाद्यांच्या बँडचा) कंडक्टर व्हायची तुला घाई झालीय. चांगलंय, पण आधी दोन-तीन वर्षं वादकांच्या रांगेत बस, तेही जमल्यास युफोनियमवर, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या पितळी वाद्यावर. कॉर्नेटवाल्याचं (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य) लक्ष आपल्या चालीत अडकतं. खालच्या सुरांत बसणाऱ्याला अख्खा बँड ऐकू येतो.

सोलफेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत नोटेशन गाऊन वाचणं, टाळू नकोस. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना ते शिकवत. मुंबईच्या सिनेसंगीतात नोटेशन झरझर वाचणारे गोंयकार वादक इतके होते, त्यामागे ही तालीम होती. आपण भजन-नाट्यगीतांवर वाढलेले, 'सा' कुठूनही धरतो. इथे तसं चालत नाही. कॉर्नेटच्या कागदावर सी हा सूर लिहिलेला असतो, वाजतो बी फ्लॅट. टेनर हॉर्नवर तोच सी ई फ्लॅट वाजतो. हे पक्कं होईपर्यंत स्कोअरमधला (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) एकेक पार्ट स्वतः गाऊन बघ. मी आजही गातो.

रोज लांब सूर धर: हळू, फुगवत, पुन्हा हळू. पावसाळ्यात वाजवून झालं की वाद्यातलं पाणी काढ, स्लाइडला (सूर जुळवायच्या सरकत्या नळीला) ग्रीस लाव. अडकली तर पक्कड नको, पितळ वाकतं.

फेस्ताची (चर्चच्या सणाची) मिरवणूक असो की शिगम्याची, चालत वाजवायची संधी सोडू नकोस. आवाजाला 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. रांग लांबली की मागचे रेंगाळल्यासारखे वाटतात. तेव्हा ड्रम मधोमध ठेव आणि वादकांना कानापेक्षा पावलांवर चालव.