तिसऱ्या क्वार्टरला पाय कुठे जातात?

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

रोज चार किलोमीटर पोहतेस, तरी वॉटर पोलोच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला जीव जातो, पास आखूड पडतो, आणि आता पाच किलोमीटर करू का, असं विचारतेस. नको करूस. दम नाही, पाय कमी पडतायत तुझे.

हिशेब बघ. ८-८ मिनिटांचे चार क्वार्टर. शिटी झाली की घड्याळ थांबतं, म्हणून खरा सामना बराच लांबतो. त्यातला जवळपास निम्मा वेळ अंग पाण्यात उभं असतं. पोहणं होतं ते तुकड्यातुकड्यांनी, ७ ते १४ सेकंदांचं, कारण मुलींचं मैदानच २५ मीटरचं. संथ फ्रीस्टाइलच्या लांबलचक लॅप्सनी या खेळाची तयारी कशी होणार? पाया घालायला ठीक आहे, स्पर्धा तोंडावर असताना नाही.

हात दमला असं तुला वाटतं, तिथेच फसतेस. आधी गुडघे जवळ येतात, मांड्या खाली झुकतात, एगबीटरची, म्हणजे पाण्यात उभं राहायला पाय आळीपाळीने गोल फिरवतेस त्याची, सायकल होते. अंग चार बोटं बुडतं. मग कोपर पाण्याला घासतं, कमरेतून वळण मिळत नाही आणि ४००-४५० ग्रॅमचा चेंडू एकट्या खांद्यावर फेकावा लागतो. महिन्याभरात खांदा दुखायला लागतो आणि सगळे खांद्यालाच मलम चोळत बसतात! पाय बघ, पाय.

एगबीटर नव्याने बसव. खुर्चीत बसल्यासारखी पाठ ताठ, मांड्या पाण्याला जवळजवळ समांतर, गुडघे खांद्यांपेक्षा रुंद. पावलं नडगीकडे ओढलेली आणि बाहेर वळलेली. चवडा ताणलास की पाणी निसटलंच. नडगीच्या आतल्या बाजूने आणि तळव्याने पाणी खाली दाबायचं, एकदा डावा, एकदा उजवा. दोन्ही पाय एकदम मारलेस तर अंग वरखाली उसळेल आणि नेम जाईल.

आठवड्यातून तीन दिवस, पोहण्याच्या आधी, पाय ताजे असताना: कोपरं पाण्याबाहेर ठेवून ३० सेकंद, ३० सेकंद आराम, असं आठ वेळा. जमलं की ५ लिटरचा कॅन अर्धा भरून डोक्यावर धर. अडीच किलो होतात. कॅन पाण्याला टेकला की वजन हातावरून उतरतं, त्यामुळे लबाडी तुझी तुलाच कळते. हे सगळं खोल टोकाला, दोन मीटर पाण्यात. उथळ टोकाला अंगठा फरशीला लागतो आणि तो लागला की पायांनी काम सोडलं समज.

मग स्प्रिंट. भिंतीला ढकलून नाही, उभ्या स्थितीतून, डोकं वर ठेवून १५ मीटर. दर ३० सेकंदांना एक, असे सहा. सहावा संपला की लगेच २० सेकंद हात वर आणि गोलवर एक शॉट. दोन मिनिटं थांब, पुन्हा तेच. चार फेऱ्या. पहिल्या आणि चौथ्या फेरीतला शेवटचा स्प्रिंट कुणाकडून तरी घड्याळावर मोजून घे. सेंटरला, म्हणजे समोरच्या गोलच्या तोंडाशी, खेळत असशील तर स्प्रिंट चारच कर आणि उरलेला वेळ जोडीदाराशी ढकलाढकली. सेंटरचं दमणं कुस्तीचं, विंगचं, म्हणजे कडेने खेळणारीचं, पळापळीचं.

जांघेचे स्नायू यात पिळून निघतात, म्हणून जमिनीवर कुशीवर झोपून वरचा गुडघा बाकावर टेकव, कंबर उचल, २० सेकंद. दोन्ही बाजूंनी तीनदा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचायला लागलं तर थांब. तिथे जिद्द दाखवू नकोस.

पाण्यातही घाम येतो, दिसत नाही एवढंच. मे महिन्यात उघड्या तलावाचं पाणी कोमट होतं, तेव्हा जास्तच. सरावाआधी आणि नंतर, कोरड्या अंगाने, वजन कर. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. बाटली काठावर हवी, बॅगेत नाही. मिठाचं लिंबू सरबत चालेल. आणि सकाळी उठतानाच गळून गेल्यासारखं वाटत असेल, असं तीन-चार आठवडे चाललं असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घे. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. लोहाच्या गोळ्या मनाने नकोत. तो थकवा माझ्या तक्त्याने जाणारा नाही.

तुझे सर लॅप्स वाढव म्हणतील. उलट बोलू नकोस, पण चारपैकी दीड किलोमीटर या कामासाठी मागून घे. मी सदा हेच तुणतुणं वाजवतो म्हणून हसतात लोक. हसोत. लॅप्स मोजायला सोप्या, म्हणून सगळे लॅप्स मोजतात. पाण्याखाली गुडघे किती मिटले ते काठावरून दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर ओरडणारा माणूस हट्टी ठरतो.

बुधवारी एक चाचणी कर. दोन्ही हात सरळ वर, हनुवटी पाण्याला टेकेपर्यंत किती सेकंद? चार आठवडे, दर बुधवारी, सरावाच्या सुरुवातीलाच. मला फक्त सेकंद कळव. ‘आज बरं वाटलं’ असलं काही लिहू नकोस.