धोंडीचा बेडूक

सई,

काल फोनवर सुमाआत्या धोंडीची गंमत सांगत होती आणि तू मध्येच विचारलंस, "पाऊस बेडकाकडेच मागायचा, तर त्याला काठीला कशाला बांधायचं?" आत्या हसली. मला काही हसू आलं नाही.

त्या वर्षी आमच्या बार्शीकडे मृग कोरडा गेला होता आणि धोंडी मीच झालो होतो. उघड्या अंगाला कडुलिंबाचा पाला, काठीला बेडूक, आणि आम्ही पोरं 'धोंडी धोंडी पाणी दे' ओरडत दारोदार. बायका अंगावर तांब्याने पाणी ओतायच्या, झोळीत ज्वारी घालायच्या. पाला असा टोचायचा म्हणतेस! बेडकाला काय वाटत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. मळ्यातल्या विहिरीच्या तळाशी बेडकांचं राज्य आहे असं आजी सांगायची. मी माझं मीच ठरवलं होतं की पाऊस तिथल्या राजाने अडवलाय. त्याचा माणूस गावभर फिरवला की सोडेल. (आता लिहिताना हे सरळसरळ ओलीस धरणं वाटतंय.)

त्या राज्याच्या गोष्टी आजीकडे खूप. पंचतंत्रातला गंगदत्त, भाऊबंदांवर सूड उगवायला विहिरीत सापच घेऊन येणारा बेडूकराजा. बांधावरून भांडण झालं की आजी ही गोष्ट दादांकडे बघत सांगायची. मला मात्र महाभारताच्या वनपर्वातली आवडायची. अयोध्येच्या परीक्षित राजाला रानात सुशोभना भेटते. लग्नाला तयार, पण अट एकच: मला पाणी दाखवायचं नाही. एकदा बागेत पाणी दिसतं आणि ती जी बुडी मारते, ती वर येतच नाही. राजा पाणी उपसायला लावतो, तर खाली बेडूक! यांनीच तिला खाल्लं म्हणून तो दिसेल तो बेडूक मारायचा हुकूम सोडतो. शेवटी बेडकांचा राजा येऊन सांगतो, अरे, ती माझीच मुलगी.

ही गोष्ट पाठ असूनही मी काठी धरली होती, आणि दोन्हींचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. तुला लगेच वाटलं.

तरी सांगतो, बेडूक संध्याकाळी विहिरीत सोडला होता. पाऊस आला असं आत्या म्हणते, मला आठवत नाही. इथे डब्लिनमध्ये पाऊस थांबवायला कुणाला बांधावं, हाच प्रश्न आहे. जूनमध्ये गावी गेलो तर धोंडी नको, पण पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन ओरडणारे बेडूक दाखवीन. तुला चिखलात यायचं असेल तरच.

बाबा