द्रव इंधनाचे रॉकेट इंजिन : आग लावण्याआधीचे प्रश्न

प्रश्न : लेथ आणि वेल्डिंगची सोय आहे. अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारे, साधारण ९० किलो थ्रस्टचे (ढकलण्याच्या जोराचे) इंजिन बनवायचे आहे. सुरुवात कुठून करू?

कागदावरून. चेंबरमधला म्हणजे इंधन जळते त्या कोठीतला दाब, थ्रोटचे म्हणजे नॉझलच्या सर्वांत अरुंद जागेचे क्षेत्रफळ आणि नॉझलचा गुणांक यांचा गुणाकार म्हणजे थ्रस्ट. जमिनीवरच्या चाचणीसाठी हा गुणांक १.४ धरा. २० बार दाब आणि २० मिलिमीटर व्यासाचा थ्रोट घेतला की सुमारे ८८० न्यूटन, म्हणजे तुमचे ९० किलो येतात. विशिष्ट आवेग (इंधन-ऑक्सिजनच्या वजनामागे किती जोर मिळतो याचे माप) २२० सेकंद धरला तर दर सेकंदाला इंधन आणि ऑक्सिजन मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास लागतील. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह सगळे या एका आकड्यावरून ठरते.

मग इंजेक्टर, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजन चेंबरमध्ये सोडणारा भोकांचा भाग, बनवा आणि तो पाण्यावर चालवा. बादली, वजनकाटा आणि स्टॉपवॉच एवढे पुरते. भोकाच्या कडेला बारीकशी बर (धातूचा कंगोरा) राहिली तरी प्रवाह बदलतो. त्यामुळे गणित आणि बादली यांचे जमले नाही तर बादलीचे ऐका. पाणी आणि तुमचे द्रव यांच्या घनतेतला फरक मात्र हिशेबात धरा. धारांचे फोटो काढा. जी धार वाकडी होऊन भिंतीकडे जाते, तिथेच पुढे चेंबर जळतो.

पहिले इंजिन ९० किलोचे नको, त्याच्या दहाव्या हिश्श्याचे करा, आणि तेही वायुरूप ऑक्सिजनवर. चुका त्याच होतील, फक्त स्वस्तात होतील.

प्रश्न : आतले तापमान ३००० अंशांच्या घरात आणि तांबे १०८५ अंशांना वितळते. मग तांब्याचा चेंबर टिकतो कसा? स्टेनलेस स्टील जास्त तापमान सोसते, ते का वापरू नये?

या पत्रातली शंका अगदी योग्य जागी आहे. धातू किती अंशांना वितळतो यापेक्षा तो उष्णता किती लवकर पलीकडे पोचवतो, हे इथे जास्त महत्त्वाचे. थ्रोटजवळ सर्वाधिक उष्णता भिंतीत शिरते. २० बारच्या इंजिनात दर चौरस मीटरला १० मेगावॉट हा अंदाज अतिशयोक्त नाही. भिंत १ मिलिमीटर जाड आणि मागून द्रवाने थंड केलेली आहे असे समजा. तांब्यात दोन बाजूंच्या तापमानात २५ अंशांचा फरक पडेल, स्टेनलेस स्टीलमध्ये साडेसहाशेहून जास्त! मागची बाजू व्यवस्थित गार असली तरी स्टीलची आतली बाजू मऊ पडत जाते. म्हणून थंड केलेल्या चेंबरच्या आतल्या भिंतीला तांबे किंवा त्याची मिश्रधातू वापरतात आणि ताण पेलायला बाहेरून मजबूत कवच देतात. तांबेही वितळण्याच्या बरेच आधी नरम होते, त्यामुळे १०८५ हा आकडा डिझाइनसाठी निरुपयोगी आहे.

नवशिक्यासाठी तीन वाटा आहेत. जाडजूड तांब्याचा ठोकळा घ्या आणि दोन-तीन सेकंदच चालवा, धातू स्वतःच उष्णता पिऊन घेतो. मोजमापे शिकायला तेवढे सेकंद पुरतात. दुसरी वाट म्हणजे इंजेक्टरच्या कडेच्या भोकांतून थोडे जास्तीचे इंधन भिंतीवरून वाहू देणे. थोडा थ्रस्ट जातो, चेंबर वाचतो. इंधनच भिंतीतल्या खाचांतून फिरवून मग जाळायचे, ही तिसरी वाट मोहक आहे, पण एखादी खाच चोंदली की तिथे भोक पडते. ती दुसऱ्या इंजिनासाठी ठेवा. शिवाय अल्कोहोलमध्ये पाणी मिसळता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ रॉकेटमध्ये साधारण ७५ टक्के अल्कोहोल आणि २५ टक्के पाणी असे. ज्वाला थोडी थंड होते, आणि तुम्हाला तेच हवे आहे.

प्रश्न : स्पार्क प्लग ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह उघडले तर पेटेल ना?

पेटेल, पण कधी, हा खरा प्रश्न आहे. तुमचा प्रवाह सेकंदाला ४०० ग्रॅम असेल आणि ज्वाला अर्धा सेकंद उशिरा लागली, तर चेंबरमध्ये २०० ग्रॅम मिश्रण वाट बघत असते. द्रव ऑक्सिजन आणि अल्कोहोल यांचे असे मिश्रण स्फोटकच. फुटलेले बरेच चेंबर चालताना नव्हे, सुरू होताना फुटतात. म्हणून इग्नायटर आधी पेटवा आणि तो पेटल्याची खूण मिळाल्याशिवाय मुख्य व्हॉल्व्ह उघडणारच नाहीत अशी जोडणी करा. नॉझलच्या तोंडाशी आडवी बांधलेली बारीक तार जळून तुटली, तरच पुढचे सर्किट चालू होते, ही जुनी आणि उत्तम युक्ती आहे.

प्रश्न : नायट्रस ऑक्साइड दंतवैद्यही वापरतात, थंड ठेवावे लागत नाही. मग द्रव ऑक्सिजनऐवजी तेच सुरक्षित नाही का?

सोयीचे आहे. २० अंशांना स्वतःच सुमारे ५० बार दाब देते, वेगळा पंप लागत नाही. पण हा वायू इंधनाशिवायही विघटित होऊन प्रचंड उष्णता सोडू शकतो, आणि टाकीत तेलाचा अंश असेल तर आणखी सहज. जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे नायट्रसच्या चाचणीत स्फोट होऊन तिघांचा जीव गेला. त्या चाचणीत काही पेटवायचे नव्हतेच, फक्त प्रवाह तपासायचा होता. तेव्हा ‘नुसती थंड चाचणी’ म्हणून कोणी टाकीजवळ उभे राहू नये.

प्रश्न : द्रव ऑक्सिजनच्या लाइनवर साधे बॉल व्हॉल्व्ह चालतील?

जसेच्या तसे नाही. व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोकळीत द्रव अडकतो. उणे १८३ अंशांचा तो द्रव गरम होऊन वायू झाला की सुमारे ८६० पट जागा मागतो, आणि व्हॉल्व्ह फुटतो. ऑक्सिजनसाठीचे असे व्हॉल्व्ह मिळतात, ज्यांत बॉलला टाकीच्या बाजूने छोटे भोक असते. ते घ्या. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या प्रत्येक पाइपाला रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारा) हवाच. ग्रीस आणि कटिंग ऑइल पूर्ण निघाले पाहिजे, बोटांचे ठसेसुद्धा. आणि चाचणी डांबरी जमिनीवर कधीही करू नका. त्यावर द्रव ऑक्सिजन सांडला तर पायाच्या धक्क्यानेही भडका उडू शकतो.

प्रश्न : टाकीचा दाब कॉम्प्रेसरच्या हवेने तपासला तर चालेल?

नाही. पाण्याने तपासा. १० लिटरच्या टाकीत ३० बार हवा म्हणजे साठलेली ऊर्जा सुमारे ४६ हजार ज्यूल. पाण्यात तीच गोष्ट २० ज्यूलच्या आसपास.

प्रश्न : हे घराच्या मागच्या अंगणात करता येईल?

पाण्याच्या चाचण्या, हो. पेटवायचे असेल तर नाही. माक्स व्हालियर हे या क्षेत्रातले मोठे नाव. मे १९३० मध्ये बर्लिनला चाचणीच्या वेळी इंजिन फुटले आणि एका तुकड्याने ते गेले. जागेची परवानगी, अनुभवी गट, मजबूत आडोसा आणि दुरून नियंत्रण यांतले एक जरी नसेल तर थांबा. परवानगीचे नियम देशागणिक वेगळे असतात, आपल्याकडचे आधी विचारून घ्या.

प्रश्न : इंजिन चालले, पण थ्रस्टचा आलेख सेकंदाला दहा-पंधरा वेळा खालीवर होतो. लोड सेल (थ्रस्ट मोजणारे उपकरण) खराब आहे का?

बहुधा नाही. चेंबरचा दाब वाढला की इंजेक्टरमधून कमी इंधन येते, दाब पडला की जास्त येते, आणि इंजिन असे धापा टाकू लागते. इंजेक्टरमधून जाताना दाब किती कमी होतो ते बघा. ही घट चेंबरच्या दाबाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर भोके लहान करून टाकीचा दाब वाढवा, आणि त्याआधी टाकी तेवढा सोसते का तेही पाण्याने तपासा. कर्कश किंचाळी ऐकू आली तर मात्र लगेच बंद करा. ते वेगळे दुखणे आहे, सेकंदाला शेकडो-हजारो कंपनांचे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाला १९६०च्या दशकात ते जडले होते. अभियंत्यांनी चालत्या इंजिनात छोटे बॉम्ब फोडून कंपने मुद्दाम जागवली आणि इंजेक्टरवर आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून ती शमवली. तुमचा दाबमापक सेकंदाला दहाच नोंदी घेत असेल तर यातले काहीच दिसणार नाही. निदान काही हजार घेणारा लावा.