थकलेली बिले आणि कंपनीची सामाजिक जबाबदारी

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, तीन जुनी लेथ आणि सात कामगार. एका मोठ्या कंपनीच्या कास्टिंगचे मशीनिंग आम्ही अनेक वर्षे करून देतो. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवसांची उधारी लिहिलेली असते. पैसे मात्र चार-चार महिने येत नाहीत. याच कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, आमच्या गावच्या शाळेला नुकताच संगणक कक्ष बांधून दिला. बिलांचा विषय काढला तेव्हा खरेदी अधिकारी म्हणाले, ‘९० दिवसांवर तुमचीच सही आहे. आता मार्चच्या आत उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर बिलांवर पुढची तारीख टाका.’ काम तुटेल म्हणून मी गप्प आहे. कायदा काय सांगतो? आणि समाजासाठी एवढा खर्च करणाऱ्या कंपनीला हे शोभते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची सही असली तरी ९० दिवसांची ती अट कायद्यापुढे टिकत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत माल किंवा काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर हा अवधी १५ दिवसांवर येतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. तुम्ही करता ते जॉबवर्क, म्हणजे कंपनीच्या मालावर मजुरीने करून दिलेले कामही यात येते.

मुदत टळली की याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. समजा बँक रेट ६ टक्के आहे आणि ५ लाखांचे बिल मुदतीनंतर दोन महिने थकले. तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने व्याजच १५ हजार रुपयांच्या वर जाते. हे व्याज मागणे म्हणजे उद्धटपणा आहे, असे अनेक लघुउद्योजकांना वाटते. तसे ते मुळीच नाही. तुमचे पैसे अडकतात तेव्हा बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावरचे व्याज तुम्ही भरता, शनिवारचा पगार कुठून तरी उभा करता, आणि जीएसटी तर पैसे हाती येण्याची वाट न पाहता भरावाच लागतो. कंपनीचे खेळते भांडवल प्रत्यक्षात तुमच्या कर्जातून उभे राहते आहे.

खरेदी अधिकाऱ्यांच्या त्या दोन सूचनांमागचे कारणही समजून घ्या. २०२३ साली प्राप्तिकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे, सूक्ष्म व लघु उद्योगांची मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही; ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी वजावट मिळते. म्हणजे ३१ मार्चला मुदत उलटूनही थकलेल्या तुमच्या बिलावर कंपनीला कर भरावा लागतो. पैसे वेळेवर देऊन ही अडचण टाळता येत असताना ती तुमच्याकडून नोंदणी सोडवून घेऊन टाळणे, याला मी अनीतीच म्हणेन. नोंदणी रद्द करू नका, कारण व्याजाचा आणि दाद मागण्याचा तुमचा सारा आधार तीच आहे. बिलावर खोटी तारीख तर कधीच घालू नका. मालासोबत जाणाऱ्या चलनावर कंपनीच्या गेटचा शिक्का असतो. पुढच्या तारखेचे बिल केलेत तर तुमचेच दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतील. शिवाय मुदत मोजली जाते ती स्वीकृतीपासून, बिलाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे त्या खोट्याचा कंपनीलाही उपयोग नाही.

आता शाळेच्या संगणकांविषयी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. मुलांना संगणक मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हा खर्च कायद्याने बंधनकारक आहे, आणि तुमचे ४५ दिवसही तितकेच बंधनकारक आहेत. एक पाळला म्हणून दुसऱ्यातून सूट मिळते, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. माझ्या मते कंपनीची सामाजिक जबाबदारी तिच्या गेटवर माल उतरवणाऱ्या माणसापासून सुरू होते. त्याच्या सात कामगारांची मुलेही कदाचित त्याच शाळेत जात असतील.

काम तुटण्याची तुमची भीती खरी आहे आणि मी ती हलकी लेखणार नाही. म्हणून आधी खरेदी विभागाऐवजी कंपनीच्या वित्तप्रमुखांना एक सौम्य पत्र पाठवा. उद्यम प्रमाणपत्राची प्रत, चलने आणि बिलवार थकबाकीचा तक्ता सोबत जोडा, आणि वार्षिक हिशेबात सूक्ष्म व लघु उद्योगांची थकबाकी व तिच्यावरचे व्याज दाखवणे २००६ च्याच कायद्याच्या कलम २२ नुसार कंपनीला बंधनकारक आहे, एवढीच आठवण द्या. लेखापरीक्षक हा प्रश्न विचारतात, त्यामुळे पुष्कळदा एवढ्यानेच बिले हलतात.

न हलल्यास सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे अर्ज करता येतो. तिथे आधी समेट घडवण्याचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. निकाल ९० दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. मात्र निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला तो न्यायालयात रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तुमची उद्यम नोंदणी या ऑर्डरींच्या आधीची आहे ना, हे पत्र लिहिण्यापूर्वी तपासा. नंतरची असल्यास आधीच्या बिलांबाबत वाद निघू शकतो आणि वकिलांचा सल्ला घ्यावा लागेल. तीन वर्षांपूर्वीची थकबाकी असेल तर तीही वकिलांना लगेच दाखवा.